न्याहारी आणि पहिला तास

सकाळी सव्वासहाची एस. टी. चुकली की आमचा आठचा पहिला तास चुकतो. मध्ये बालाघाटच्या डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आणि प्रत्येक फाट्यावर हात दाखवणारी माणसे. त्यामुळे सहाच्या सुमारास आमच्या घरात जी धांदल उडते तिचे वर्णन काय करावे! एका हाताने शर्टाची गुंडी लावायची, दुसऱ्याने वही शोधायची. चुलीपुढून माय ओरडते, "आरं, घासभर खाऊन जाय. उपाशीपोटी काय ध्यानात राहतंय?" मी "येळ नाही" म्हणतो आणि पळत सुटतो. माय डबा घेऊन मागे पळते. रोजचेच आहे.

मित्रहो, ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. खेड्यावरून येणाऱ्या मित्रांना मी गेल्या वर्षी सहज विचारू लागलो, "आज काय खाऊन आलास?" बहुतेकांचे उत्तर एकच, "चहा." दहाच्या सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी येते. तिचा दोष आपण उगीच मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषेला देतो.

मला वाटते, याचे मूळ आळसात नाही. आमच्या घरात 'नाश्ता' हा शब्दच नव्हता. आमचा शब्द न्याहारी. न्याहारी ही काही उठल्या उठल्या खायची वस्तू नव्हे. पहाटे शेणघाण आटोपून, धारा काढून माणूस रानात जातो, दोन-तीन तास राबतो आणि दिवस चांगला वर आला की बांधावर फडके सोडतो. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. ही नऊ-साडेनऊची वेळ शेताने ठरवलेली आहे. कॉलेजचे वेळापत्रक शेताने ठरवलेले नाही. सातच्या आत पोटभर खाऊन घराबाहेर पडायचे, हे माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी केले नव्हते, कारण तशी गरजच पडली नव्हती. घरातला पहिला मुलगा कॉलेजात जातो तेव्हा पुस्तके तर नवी असतातच, पण पोटाची वेळही नवी असते. ती अजून आमच्या अंगवळणी पडलेली नाही.

कुणी म्हणेल, मग डबा आणा आणि मधल्या वेळेत खा. मी तेच करीत होतो, पण अर्धेच. डबा आणायचो, उघडायचो नाही. पहिल्या वर्षी एकदा वर्गात डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास पसरला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "रानात बसलोय का रे?" हशा पिकला. मीही हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. त्यानंतर कितीतरी दिवस मी फाटकाबाहेर वडापाव खात होतो, पैसे नसले की चहा-खारीवर भागवीत होतो आणि डब्यातली भाकरी संध्याकाळी स्टँडवरच्या कुत्र्याला घालत होतो. वडापाव वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण घरची भाकरी कुत्र्याला घालून तो खाणे वाईट होते.

गल्लीतल्या एका पोराने ही गोष्ट घरी सांगितली. माय रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "मग थापू नको का? तेवढीच घटकाभर आडवी पडंन मी."

हे वाक्य मला शिवीपेक्षा जास्त लागले. दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा मीही उठलो. घड्याळात साडेचार वाजले होते. नळाला पाणी आले होते ते भरले. चूल पेटवली. घरात गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून भाकरी चुलीवरच. काथवटीत पीठ घेऊन कढत पाण्याने भिजवले, मळले, थापले, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले, मग निखाऱ्यावर उभी करून शेकली. एका भाकरीला तीन-चार मिनिटे धरा. पाच माणसांच्या दोन वेळच्या चौदा भाकऱ्या. त्याशिवाय कोरड्यास. सहा वाजता मी "येळ नाही" म्हणायचो तेव्हा तिचा दीड तास खर्ची पडलेला असायचा.

हल्ली मासिकांतून, टी. व्ही.वरून, मोबाइलवरून 'दहा मिनिटांत पौष्टिक नाश्ता' शिकवतात. नीट पाहिले तर त्यात रात्री भिजत घातलेली डाळ असते, आधीच निवडून चिरलेली भाजी असते, पाणी भरलेले असते. मोजली जातात ती फक्त शेवटची दहा मिनिटे. आधीची मिनिटे कुणाची, हे कुणी विचारत नाही. खाणाऱ्याला जे झटपट, ते करणाऱ्याला झटपट असतेच असे नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

हा मुद्दा आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. बीडमधून दरसाल दसरा-दिवाळीनंतर लाखांवर माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मी आठवीत जाईपर्यंत माझे आईवडीलही जात होते. दोन हंगाम मीही त्यांच्याबरोबर कोपीवर राहिलो आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ऊस दोघे तोडतात, मोळ्या दोघे वाहतात. पण थंडीत तीन वाजता उठून दिवसभराच्या भाकऱ्या थापायच्या, त्या फडक्यात बांधून फडात न्यायच्या, हे एकट्या बाईच्या वाट्याला. उचल दोघांच्या नावावर असते. हिशेब टनावर होतो. त्या भाकऱ्यांची नोंद मुकादमाच्या वहीत मी कधी पाहिली नाही.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. कामावर वाटलेली सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी ती आजही सांगते. ती शिळी भाकरी कधी टाकत नाही. कुस्करून दह्यात कालवते, नाहीतर कांदा-मिरचीची फोडणी देते. ही फोडणीची भाकरी पाच मिनिटांत होते आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देते. एवढी झटपट न्याहारी घरात असताना मी ती गरिबाची खूण समजत होतो. गंमत पाहा, भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले. ज्वारी-बाजरीचे कौतुक जगभर झाले. ज्या भाकरीचा डबा मी वर्गात उघडत नव्हतो, तिची आरती मोठमोठ्या सभागृहांतून चालली होती.

आता थोडे उपयोगाचे बोलतो. घाईच्या सकाळी पोट भरेल, दूध-लोण्याचा खर्च लागणार नाही आणि करणाऱ्याचा जीव जाणार नाही, असे काय आहे? आपल्या मराठवाड्यातच पुष्कळ आहे.

पहिली आपली सुशीला. पुण्या-मुंबईची माणसे हे नाव ऐकून हसतात, हसू द्या. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे. तेलात मोहरी, जिरे, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे, हळद घालायची. मुरमुरे टाकून वरून डाळ्याचे कूट भुरभुरायचे. दहा-बारा मिनिटांचे काम. नुसते मुरमुरे तासाभरात विरतात. पोटात टिकते ते कूट आणि शेंगदाणे. म्हणून कूट घालताना हात आखडू नये.

दुसरे येसर. धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळलेले हे पीठ घरात असले की पाणी उकळून फोडणी दिली, आमटी तयार. बाजारातल्या तयार पाकिटांच्या कितीतरी आधी आमच्या आज्यांनी ही सोय करून ठेवली होती. तिसऱ्या घुगऱ्या. मटकी किंवा हरभरे रात्री भिजवून सकाळी उकडायचे, मीठ-मिरची लावायची. चौथे धपाटे. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ, लसूण, मिरची. आदल्या संध्याकाळी केले तरी सकाळी डब्यात चांगले राहतात. आणि ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी बेसन. पिठल्याला आमच्याकडे बेसनच म्हणतात.

या सगळ्यांत एक शहाणपण आहे. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीत २० च्या वर आणि शेंगदाण्यात २५ च्या आसपास. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते. भाकरीबरोबर बेसन, मुरमुऱ्याबरोबर डाळ्याचे कूट ही जोडी कुणी प्रयोगशाळेत लावली नाही, पण ती बरोबर लागली आहे. उलट आपण काय करतो? शिवारात ज्वारी कमी झाली, सोयाबीन वाढले. सोयाबीन प्रथिनांचे भांडार. तेवढे पोते भरून मोंढ्यात घालतो आणि येताना बिस्किटाचा पुडा घेऊन येतो.

पदार्थ सांगून मी मोकळा झालो तर मीही त्या दहा मिनिटांवाल्यांपैकीच एक. म्हणून कबूल करतो. गेल्या दिवाळीपासून आठवड्यातून तीन दिवस सकाळची सुशीला मी करतो. पहिल्या दिवशी मुरमुरे पाण्यात फार वेळ राहिले आणि त्यांचा लगदा झाला. दादांनी एक शब्द न बोलता तो खाल्ला, फक्त मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून आणायच्या आधीच पोराला चुलीम्होरं बसिवलं का?" माय काही बोलली नाही. भाकरी मला अजून येत नाही. तव्यावर टाकता टाकता मोडते. आणि त्या तीन दिवशी माय जास्त झोपते असेही नाही. सवयीने उठतेच. पण चुलीपासून लांब, उंबऱ्यावर बसून चहा पिते. तेवढाच फरक पडला आहे, जास्त सांगितले तर खोटे होईल.

आपल्या वर्गभगिनींचे तर वेगळेच आहे. एकीने मला सांगितले की ती घरच्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापून येते आणि तिला स्वतःला खायला वेळ उरत नाही. मी उपाशी येत होतो तो भाकरी नाकारून, ती उपाशी येते ती भाकरी थापून. या दोन उपवासांत फार अंतर आहे, आणि ते आम्हा मुलांना कळले पाहिजे.

कॉलेजकडेही एक मागणे आहे. शाळेच्या पोषण आहाराची केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न मिळू लागले. तिथली खिचडी खाऊनच मी आठवीपर्यंत शिकलो. आठवीनंतर ती थांबते, भूक थांबत नाही. कॉलेजने जेवण द्यावे असे मी म्हणत नाही. पहिल्या तासानंतर पंधरा मिनिटांची सुटी, बसायला एक खोली आणि पिण्याचे स्वच्छ पाणी, एवढे झाले तरी आमच्या न्याहारीला वेळापत्रकात जागा मिळेल.

ते होईपर्यंत मी मधल्या सुटीत कडुलिंबाखाली डबा उघडून बसलेला असतो. लसणाची चटणी असते. ज्यांच्या पिशवीत भाकरी झाकून ठेवलेली आहे त्यांनी जरूर यावे. फक्त त्या दिवशी निघताना घरी एकदा विचारून यावे, "आज किती वाजता उठलीस?"

— बी. ए. द्वितीय वर्ष