खरेदीला निघताना : बेस गिटारचा ॲम्प्लिफायर

मैत्रिणींनो, मिक्सर झाला, शिलाईचं मशीन झालं, कुकर तर दोनदा झाला. आता तीन-चार जणींची पत्रं आली आहेत ती वेगळ्याच वस्तूबद्दल. कुणाचा मुलगा, कुणाचा धाकटा दीर कॉलेजच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि ‘ड्रमपुढे माझं काही ऐकूच येत नाही, मोठा ॲम्प्लिफायर हवा’ म्हणून हट्ट धरून बसलाय. एकीने त्यासाठी भिशीची रक्कम बाजूला काढून ठेवलीये, आणि यजमानांच्या कानावर अजून घातलेलं नाही! तेव्हा पैसा नीट लागलाच पाहिजे.

पहिल्यांदा हे सांगते, की मुलाची तक्रार खोटी नाही. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, बेसची साधारण ४१ वेळा. इतका खालचा सूर मोठ्याने काढायला हवा खूप हलवावी लागते, शिवाय आपला कानही खालच्या सुरांना जरा मंदच. घरी सरावाला चालणारा १५-२० वॅटचा डबा ड्रमशेजारी मुका होतो तो यामुळे. ‘मित्राकडे साध्या गिटारचा ॲम्प्लिफायर पडून आहे, तो चालेल’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. मोठ्या आवाजात बेस लावला, तर त्यातला स्पीकर फाटायची भीती असते.

आता वॅटचा घोळ. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो, हे आपल्याला विजेच्या बिलानेच शिकवलंय. इथेही तसंच. नुसत्या वॅटवर आवाज ठरत नाही, तो स्पीकरवर ठरतो. १०० वॅटच्या जागी २०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात! उलट, ज्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९४ ऐवजी ९७ डेसिबल आहे, तो तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट वॅटचं काम करतो. हा आकडा माहितीपत्रकात असतो, दुकानदाराकडून मागून घ्या. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘पीक’ वॅट छापलेले असतील तर तिकडे बघूच नका, ‘आरएमएस’चा आकडा विचारा.

मुलांच्या डोळ्यांसमोर असतो तो १९६९ साली निघालेला अँपेग एसव्हीटी. ३०० वॅटचा, व्हॉल्व्हचा, खाली आठ-आठ स्पीकरचं कपाट. उचलायला चार माणसं हवीत, आणि जिन्यातून न्यायचा तर विचारूच नका. आपल्याला त्याची गरज नाही. ड्रमवाला असलेल्या बँडला खरे २०० ते ३०० वॅट आणि दहा इंची दोन किंवा पंधरा इंची एक स्पीकर पुरतो. हल्लीचे ‘क्लास डी’ जातीचे वजनाला हलके, एकटा मुलगा रिक्षातून नेऊ शकतो. पुढे दुसरा स्पीकर जोडायचा विचार असेल तर ओहम तेवढे पाहा. आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर नेहमीच्या जोडणीत मिळून चार होतात, आणि चार ओहम चालतील असं ॲम्प्लिफायरवर लिहिलेलं हवं. नाहीतर तो जळायचा.

माझं मत विचाराल तर जुना घ्या. वाजवायचा उत्साह संपला की मुलं अशा वस्तू विकायला काढतात, त्या चांगल्या स्थितीतही मिळतात. फक्त घाई करू नका. गिटार सोबत न्या, वीस मिनिटं मोठ्याने वाजवायला लावा. बटणं फिरवताना खरखर होते का, जळका वास येतो का, स्पीकरच्या कागदाला चीर गेलीये का, सगळं बघा. टॉर्च न्या.

आणि पैसे मोजण्याआधी हे फुकटचं करून पाहा. मुलं बेसचं बटण पूर्ण उघडतात, मग नुसती घूंघूं होते आणि सूर काही कळत नाही. ते बटण कमी करून मधल्या सुरांचं, म्हणजे ‘मिड’चं बटण वाढवायला सांगा. डबा कोपऱ्यातून बाहेर काढून खुर्चीवर ठेवायला सांगा. कधीकधी एवढ्यानेच ड्रमपुढे बेस ऐकू येतो, आणि भिशी वाचते. मोठ्या हॉलमध्ये तर ॲम्प्लिफायरच्या मागच्या ‘डीआय’मधून वायर हॉलच्या मिक्सरला जोडतात, तिथे स्वतःच्या डब्याने सगळा हॉल भरायचा नसतो.

हिशेबात कानात घालायच्या बोळ्यांचे पैसेही धरा. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो असं धरतात, पण दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉकचा सराव तिथे सहज पोचतो. गच्चीवर सराव असेल तर रात्री दहाच्या आत आवरायला सांगा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू त्याच्याही आधी वर येतील.