पुण्यात लिहिलेला सीआर१६ आणि तरलेला ६८००० : एका कंपायलरच्या दप्तरातून

मे २०२२ मध्ये ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरची बारावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. कोणत्या प्रोसेसरांचा आधार यापुढे मिळणार नाही, हे सांगणारे एक वाक्य सोबतच्या टिपणात होते आणि त्यात सीआर१६ हे नाव होते. कंपायलरचा तेवढा भाग पुण्यात लिहिला गेला होता. केपीआयटी कमिन्स या पुण्याच्या कंपनीने तो तयार करून दिला. २०१२ च्या सुमारास तो जीसीसीच्या मूळ दप्तरात दाखल झाला आणि दहा वर्षांनी बाहेर पडला.

त्याच काळात, त्याच कारणासाठी, आणखी एक प्रोसेसर बाहेर जाण्याच्या वाटेवर होता : मोटोरोलाचा ६८०००. हा १९७९ चा. अमिगा, अटारी एसटी, पहिले मॅकिंटॉश अशा ज्या यंत्रांत तो बसे, ती आता संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या माळ्यांवर आढळतात. तरीही ६८००० जीसीसीत टिकून आहे. चाळिशी ओलांडलेला म्हातारा तरला आणि दहा वर्षांचे पोर गेले, असा हा प्रकार.

संगणकाच्या इतिहासात प्रोसेसरांच्या जन्मतारखा ठळक अक्षरांत छापल्या जातात. त्यांच्यासाठी कंपायलर कोणी लिहिला आणि नंतर तो कोणी सांभाळला, ही माहिती तळटिपेत जाते. वरील दोन कहाण्या शेजारी ठेवल्या, तर हा क्रम चुकीचा असल्याचे ध्यानात येते.

माणसाने सी किंवा तत्सम भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या सूचनांत उतरवणारा तो कंपायलर. प्रत्येक प्रोसेसर-घराण्याची सूचनांची भाषा निराळी असते. मोडी कागदांचे रुमाल वाळवीपासून कितीही जपले, तरी मोडी वाचणारा उरला नाही तर त्यांचे मौन सुटत नाही. कंपायलर नसलेल्या चिपची अवस्था याहून फारशी वेगळी नसते. एखाद्या प्रोसेसरसाठी सूचना निर्माण करण्याची कंपायलरची जी सोय, तिला ‘टार्गेट’ म्हणतात. जीसीसीच्या दप्तरात ‘कॉन्फिग’ नावाचा एक कप्पा आहे आणि त्यात प्रत्येक टार्गेटचा स्वतंत्र रुमाल बांधलेला आहे.

ही रचना सहजासहजी हाती आलेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८० च्या दशकात मुक्त संगणक-प्रणालीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा कंपायलर आयता मिळावा अशीच त्यांची धडपड होती. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत घडलेला ‘पास्टेल’ नावाचा कंपायलर त्यांनी मिळवला, त्याला सी भाषेची जोड दिली आणि ६८००० कडे तो नेऊ लागले. पास्टेलला स्टॅकसाठी कित्येक मेगाबाइट जागा लागे. त्या वेळच्या ६८००० वरील युनिक्स प्रणालीत ६४ किलोबाइटच मिळत. पास्टेल बाजूला पडला आणि सर्व नव्याने लिहावे लागले. अडचण यंत्राच्या मर्यादेची होती, पण तिच्यातून जीसीसीचा जन्म झाला.

नव्या कंपायलरच्या गाभ्याशी एक जुनी कल्पना होती. जॅक डेव्हिडसन आणि ख्रिस्तोफर फ्रेझर या संशोधकांनी असे दाखवले होते की, यंत्राची प्रत्येक सूचना ‘अमुक रजिस्टरमध्ये तमुक मूल्य जाते’ अशा साध्या विधानांत मांडली, तर कंपायलरचा बराचसा भाग यंत्राविषयी अनभिज्ञ राहू शकतो. जीसीसीने ती कल्पना उचलली. नव्या प्रोसेसरसाठी सारा कंपायलर लिहिण्याची गरज उरली नाही; त्या प्रोसेसरचे वर्णन लिहिले की पुरे. वर्णनाची फाइल लिस्प भाषेसारखी कंसांनी भरलेली असते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याची छाती दडपते, हे मान्य केले पाहिजे.

१९८७ मध्ये जीसीसी बाहेर आला, तेव्हा त्यात दोन टार्गेटे होती : व्हॅक्स आणि ६८००० घराण्याच्या ६८०२० वर चालणारे सन-३. मायकेल टीमन या तरुणाने तो उतरवून घेतला. त्याच्या १,१०,००० ओळी वाचून काढल्या आणि दोन आठवड्यांत नॅशनल सेमिकंडक्टरच्या ३२०३२ या प्रोसेसरसाठी टार्गेट लिहिले. टीमन यांनी स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणे त्याचे फलित नॅशनलच्या विकाऊ कंपायलरपेक्षा २० टक्के वेगवान होते. आणखी दोन आठवड्यांच्या कामानंतर हा फरक ४० टक्क्यांवर गेला. चिप बनवणाऱ्या कंपनीला स्वतःच्याच चिपची भाषा एका बाहेरच्या माणसाइतकी नीट लिहिता आली नाही! १९८९ मध्ये टीमन यांनी जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांच्यासह ‘सिग्नस’ ही कंपनी काढली. मुक्त सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरांवर नेऊन देणे आणि त्याची निगा राखणे, हा तिचा धंदा. हे काम फुकट मिळणाऱ्या वस्तूचे असूनही त्यासाठी पैसे मोजणारे चिप-उत्पादक निघाले.

टार्गेट लिहिणे हा या कामाचा देखणा भाग. दुरुस्त्या हा राबवणारा. कंपायलरची चूक फार कपटी असते. प्रोग्रॅम लिहिणारा आपल्या ओळी पुनःपुन्हा तपासतो, त्या निर्दोष असतात, आणि दोष मात्र त्या उतरवणाऱ्यात असतो. म्हणून जीसीसी स्वतःलाच तीन वेळा घडवतो : जुन्या कंपायलरने नवा, त्या नव्याने पुन्हा नवा, आणि त्यानेही आणखी एकदा. दुसरी व तिसरी प्रत अक्षरशः जुळली नाही, तर कुठेतरी घोटाळा आहे. लहान चिपांवर हे शक्य नसते. तिथे सिम्युलेटरवर हजारो चाचण्या चालवाव्या लागतात. शिवाय २०२१ पर्यंत मोठ्या बदलाबरोबर स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देणारे कागद भरावे लागत. त्या कागदांनी किती उत्साही लोकांना दारातूनच परत पाठवले असेल, हा एक वेगळाच विषय.

दुरुस्त्या आत घेण्यातही राजकारण झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास जीसीसीचे दार इतके सावकाश उघडे की, पेंटियमसाठीच्या सुधारणांपासून नव्या टार्गेटांपर्यंत सारे काही बाहेर ताटकळत राहिले. ऑगस्ट १९९७ मध्ये काहींनी ‘एग्झ’ या नावाने वेगळी चूल मांडली. एप्रिल १९९९ मध्ये निवाडा झाला : वेगळी झालेली शाखाच अधिकृत जीसीसी ठरली. भाऊबंदकीचा असा शेवट इतिहासात विरळा. या एकीचे फळ पुढच्याच पिढीने चाखले. एएमडीच्या ६४ बिटी ऑप्टेरॉन चिपा एप्रिल २००३ मध्ये बाजारात आल्या. त्यांचे टार्गेट मे २००२ च्या जीसीसी ३.१ मध्येच तयार होते. सूझे कंपनीतील अभियंत्यांनी ते चिप हाती नसताना, सिम्युलेटरच्या आधारे उभे केले होते.

आता सीआर१६ आणि ६८००० वर ओढवलेल्या संकटाकडे वळता येईल. त्याचे मूळ १९८७ मध्येच होते.

प्रोसेसरने दोन संख्यांची तुलना केली की उत्तर शून्य आले, ऋण आले की मावेनासे झाले, याच्या खुणा तो लहानशा ध्वजांत ठेवतो. पुढची सूचना ते ध्वज पाहून वाट ठरवते. व्हॅक्स आणि ६८००० यांच्यात जवळजवळ प्रत्येक सूचना, अगदी मूल्य एका जागेवरून दुसरीकडे नेणारीसुद्धा, हे ध्वज बदलते. म्हणून पहिल्या जीसीसीत ‘सीसी०’ नावाची युक्ती योजली गेली : ध्वज लावणारी सूचना आणि ध्वज वाचणारी सूचना या दोघी एकमेकींना चिकटूनच असतील, मध्ये कोणी शिरणार नाही. त्या दोन यंत्रांसाठी ही योजना चपखल होती. पुढे कंपायलर हुशार झाला, वेग साधण्यासाठी सूचनांचा क्रम हलवू लागला, आणि या चिकटलेल्या जोड्या प्रत्येक नव्या टप्प्यावर आडव्या येऊ लागल्या. बहुतेक नव्या टार्गेटांनी ध्वजांना साध्या रजिस्टरासारखे वागवणारी दुसरी पद्धत स्वीकारली. तरीही मूठभर टार्गेटांसाठी सीसी० चा विशेष बंदोबस्त सामाईक भागात जागोजागी सांभाळावा लागे.

२०१९ मध्ये जीसीसीच्या सांभाळकर्त्यांनी जाहीर केले की सीसी० जाणार, आणि जी टार्गेटे बदलणार नाहीत ती त्याच्याबरोबर जाणार. यादीत ६८००० होता, व्हॅक्स होता, आर्डुइनोतील एव्हीआर होता आणि पुण्याचा सीआर१६ होता. ज्या दोन यंत्रांसाठी जीसीसी जन्माला आला, त्यांनाच घर सोडण्याची नोटीस मिळाली.

६८००० च्या चाहत्यांनी वर्गणी काढली. हे अलंकारिक विधान नव्हे : डेबियनच्या ६८००० आवृत्तीची निगा राखणाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि जुन्या यंत्रांच्या हौशी मालकांनी खरोखरच पैसे जमा केले. काम पार पाडले बर्न्ड श्मिट यांनी. जीसीसीचे जुनेजाणते प्रोग्रॅमर ही त्यांची एक ओळख. १९९० च्या दशकात अमिगाचा ‘यूएई’ हा एम्युलेटर सुरू करणारे तेच, ही दुसरी. ६८००० च्या सूचना त्यांनी तरुणपणी एकदा सॉफ्टवेअरमध्ये जिवंत केल्या होत्या, आणि कंपायलरमध्ये त्यांना पुन्हा जीवदान मिळाले ते त्यांच्याच हातून. त्यामागोमाग व्हॅक्स वाचला, एव्हीआर वाचला. सीआर१६ साठी कोणी आले नाही.

ते कोणी यावे तरी कुठून? सीआर१६ हा नॅशनल सेमिकंडक्टरचा छोटा प्रोसेसर. घरगुती बिनतारी फोन, लॅपटॉपमधील नियंत्रक अशा ठिकाणी तो दडलेला असे. ज्याच्यासाठी टीमन यांनी पहिले बाहेरचे टार्गेट लिहिले, तीच ही कंपनी. २०११ मध्ये ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली. पुण्याचे काम जीसीसीत पोहोचले तेव्हा चिपेच्या मूळ मालकाचे नावच पुसले जात होते. अमिगावर बालपण घालवलेली एक पिढी असते. बिनतारी फोनच्या पोटातील नियंत्रकावर बालपण घालवलेला माणूस आढळत नाही.

म्हणून टार्गेट काढणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. कोणी चालवत नाही, कोणी तपासत नाही, असा रुमाल दप्तरात ठेवला की सामाईक भागातील प्रत्येक सुधारणेच्या वेळी कोणा तिऱ्हाइताला तो सोडून पुन्हा बांधावा लागतो. पुण्याच्या कंपनीनेही काही वावगे केले नाही. उलट रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीसीसीवर आधारलेली साधने तिने वर्षानुवर्षे मोफत पुरवली, आणि भारतीय कंपन्या मुक्त सॉफ्टवेअर केवळ वापरतात या समजाला तो एक सणसणीत अपवाद होता. उणीव आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. टार्गेट दप्तरात दाखल झाले की काम संपले, असे या व्यवसायात मानले जाते. जीसीसीच्या इतिहासात मात्र काम त्या दिवशी सुरू होते. टीमन यांचे ३२०३२ सुद्धा या नियमातून सुटले नाही. विकाऊ कंपायलरला ४० टक्क्यांनी मागे टाकणारे ते टार्गेट २००० नंतरच्या दशकात निमूटपणे काढले गेले.

महाराष्ट्रात याच विषयाचे दुसरे एक काम झाले, आणि त्याचे मोल कदाचित अधिक आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ चालले आणि जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा भरल्या. तिथे एमआयपीएस प्रोसेसरच्या ‘स्पिम’ या सिम्युलेटरसाठी टार्गेट पायरीपायरीने लिहायला शिकवले जाई. आधी केवळ साध्या नेमणुका, मग अंकगणित, मग फंक्शनची हाक, मग अटींनुसार वाट बदलणे. प्रत्येक पायरीवर कंपायलर तेवढ्यापुरता चालत असे. कंसांच्या ज्या जंगलात भल्याभल्यांची वाट चुके, तिथे ही मळलेली पायवाट होती. बाजारात या टार्गेटला शून्य किंमत. पण सांभाळ करू शकणारी माणसे अशाच ठिकाणी तयार होतात.

हे आजच्या घडीला महत्त्वाचे आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर उभे आहेत. जीसीसीत रिस्क-फाइव्हचे टार्गेट २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे, म्हणून या प्रोसेसरांना वेगळा कंपायलर जन्माला घालावा लागला नाही. पण ते सामाईक टार्गेट आहे, जगभरचे लोक ते आपापल्या गरजेनुसार ओढतात. भारतीय चिपेत एखादी खास सूचना घातली, तर तिचे वर्णन लिहून, मूळ दप्तरात पोहोचवून, दर आवृत्तीला तपासत राहण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. चिप तयार झाल्याची बातमी पहिल्या पानावर येते. त्या सूचनेच्या चाचण्या सातव्या वर्षी कोण चालवतो आहे, हे विचारणारा वार्ताहर अजून दिसलेला नाही.

सीआर१६ चा रुमाल नष्ट झालेला नाही. जीसीसीच्या अकराव्या आवृत्तीच्या गठ्ठ्यात कॉन्फिगच्या कप्प्यात तो जसाच्या तसा आहे, आणि फाइलींच्या माथ्यावर पुण्याच्या कंपनीचे नावही. सीसी० पासून सुटका कशी करावी, हे ६८००० आणि व्हॅक्सच्या बदलांत ओळीओळीने नोंदलेले आहे, आणि ते कोणालाही उघडून वाचता येते.