कप्तानाचा नकार

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे करणाऱ्या सामुद्रधुनीत पाण्याला उत्तरेकडे जबर ओढ असते. त्या ओढीबरोबर वाहत जात प्रवाळ पाहायला जगभरचे पाणबुडे तिथे येतात. त्याच पाण्यात क्रूझ जहाजे धक्क्याला लावायची असतात. २० डिसेंबर २०१९ च्या सकाळी धक्क्याकडे सरकणाऱ्या ‘कार्निव्हल ग्लोरी’चा मागचा भाग आधीच बांधलेल्या ‘कार्निव्हल लेजंड’च्या पुढच्या टोकावर आदळला. ग्लोरीच्या भोजनगृहाचा कोपरा फाटला, काहींना किरकोळ दुखापत झाली. जीवितहानी झाली नाही.

पाण्याची घनता हवेच्या आठशेपटीहून जास्त. त्यामुळे बाजूने येणारा जेमतेम एका नॉटचा प्रवाह तेवढ्याच पृष्ठभागावर सुमारे तीस नॉटांच्या वाऱ्याइतका जोर लावतो. प्रवाह दुप्पट झाला की जोर चौपट. धक्क्याजवळ जहाजाच्या बुडाखाली पाणी थोडेच असेल, तर प्रवाहाला खालून वाट मिळत नाही आणि तो जहाजाला अधिकच रेटतो. आडवे सरकवणारे थ्रस्टर जहाज जवळजवळ थांबलेले असतानाच नीट काम देतात. सुकाणूला मात्र वेग लागतो. या कात्रीत सापडलेला कप्तान ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षाच्या, बाहेर काढलेल्या टोकाला उभा असतो. अनेक जहाजांवर तिथे पायाखाली काच असते; तिच्यातून धक्का आणि जहाज यांच्यातली फट तो वीतवीत कमी होताना पाहतो. मागे जवळजवळ तीनशे मीटर लांबीचे जहाज आणि हजारो माणसे.

अशा वेळी ‘आज या बंदरात जात नाही’ म्हणणाऱ्या कप्तानावर प्रवासी चिडतात. वर्षभर पैसे साठवून आलेल्यांची निराशा खरीच असते. बंदर वगळण्याचा हक्क कंपनीने तिकिटाच्या करारात राखून ठेवलेला असतो. परत मिळते ती बहुधा बंदर शुल्काची किरकोळ रक्कम. म्हणून चुकलेल्या प्रत्येक बंदरामागे घसघशीत भरपाई द्यावी, असे सुचवले जाते. आम्हाला ही सूचना धोक्याची वाटते. नकाराची किंमत लाखांत जाऊ लागली की तो हिशेब आज ना उद्या ब्रिजवर पोचणारच. समुद्रावरील जीवितसुरक्षेसाठी कप्तान जो निर्णय घेईल, त्याच्या आड मालकाने वा कंपनीने येता कामा नये, असे ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार बजावतो. भरपाईच्या वाटेने त्याला भोक पडू नये.

दुरुस्ती हवी ती वेळापत्रकात. कॅनडातल्या सेमूर नॅरोज या चिंचोळ्या वाटेत पाणी पंधरा नॉटांपर्यंत धावते. शंभराहून अधिक बळी घेतलेला तिथला ‘रिपल रॉक’ हा पाण्याखालचा खडक ५ एप्रिल १९५८ रोजी सुरुंग लावून फोडला, तरी पाण्याचा जोर तसाच राहिला. अलास्काच्या वाटेवरची क्रूझ जहाजे तिथे पाणी स्थिरावण्याची वेळ साधूनच जातात. आधीच्या बंदरातून कधी निघायचे, हेही त्यावरून ठरते. भरती-ओहोटीच्या बंदरांत धक्क्याला लागण्याची वेळ अशीच ठरवावी. बाजार कधी उघडतो हे नंतर पाहावे.

कोझुमेलसारख्या ठिकाणी मात्र भरती-ओहोटी नाममात्र, त्यामुळे पाणी स्थिरावण्याची वाट पाहून भागत नाही. तिथे प्रवाशाला आधीच खरे सांगणे एवढेच हाती उरते. पाण्यापुढे वेळापत्रक चालत नाही, हे मुंबईकराला समजावून द्यायला नको. उधाणाच्या भरतीची वेळ आपल्याकडे वर्तमानपत्रात छापून येते, आणि इंदिरा गोदीत १९१४ पासून दरवाजे लावून पाणी अडवले जाते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांची तिकिटे विकणाऱ्यांनीच सुरुवात करावी. जाहिरातीत जलतरण तलावाच्या छायाचित्राशेजारी, ठळक अक्षरांत, प्रत्येक बंदर गेल्या तीन वर्षांत किती वेळा वगळावे लागले तो आकडा द्यावा. तो वाचून ज्याला जायचे त्याने तिकीट काढावे.