एका बाटलीनं गाय उठत नाही



परतवाड्याच्या बाजारातून आणलेली गाय माझ्या गोठ्यात व्याली. जार अडकला, आतच सडला. तिसऱ्या दिवशी तिनं कडब्याला तोंड लावलं नाही. आधी अंग तापलं, मग कान गार पडले. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची एक बाटली लागली. रात्री गाय गेली. कुणाचं नाव घ्यायचं नाही. हिशेब मात्र मांडायचा आहे.

जंतूंचं विष रक्तात भिनलं, की रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरतात. रक्तदाब घसरतो. डॉक्टर याला सेप्टिक शॉक म्हणतात. जंतू मारायला औषध लागतंच. पण रिकाम्या पडलेल्या शिरा भरायला पाणीही लागतं. कोणतं आणि किती, हाच प्रश्न आहे.

ग्लुकोज म्हणजे साखरपाणी. साखर अंगात खर्ची पडते, पाणी शरीरभर पसरतं. रक्तात राहतो सुमारे बारावा हिस्सा, म्हणजे अर्ध्या लिटरातले जेमतेम ४० मिली! मिठाची साधी सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट चौथा हिस्सा टिकतं. पण ३०० किलोच्या गाईला त्याच्या ढीगभर बाटल्या लागतात. तिसरी वाट आहे ७.२ टक्के तीव्र मिठाच्या सलाईनची. किलोमागे ४ ते ५ मिली, म्हणजे या गाईला १२०० ते १५०० मिली. ती अंगातलं पाणी मिनिटांत रक्तात ओढते. असर थोडा वेळच टिकतो, म्हणून लगेच २० लिटर पाणी पाजायचं. पीत नसेल तर डॉक्टरनं नळीनं द्यायचं. सलाईन शिरेतूनच, आणि डॉक्टरच्याच हातानं. हगवणीनं सुकलेल्या जनावराला फार जपून.

महाग तेच चांगलं, असंही नाही. २०१२ साली स्कँडिनेव्हियात माणसांवर झालेल्या चाचणीत स्टार्चचं द्रावण घेतलेले रुग्ण साधं क्षारद्रावण घेतलेल्यांपेक्षा जास्त दगावले.

तीव्र सलाईननं प्रत्येक गाय वाचेल, असं मी म्हणत नाही. पण एक बाटली टांगून आपली समजूत काढणं थांबलं पाहिजे. जनावराचं वजन धरून मात्रा ठरावी. तीव्र सलाईन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असावी. अकोल्यात माफसूची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. तिनं वऱ्हाडातल्या जनावरांवर ही द्रावणं ताडून पाहावीत आणि निकाल मराठीत गावोगाव पोचवावा.

आणि आपण? कान गार पडेपर्यंत वाट पाहू नका. जार अडकला, कास दगडासारखी झाली, की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. विचारा, ‘साहेब, बाटली कशाची? माझ्या गाईला किती लागते?’

विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्याची किंमत मी मोजली आहे.