पाणी कोठे मुरते?

चतुर्थीच्या बाजारात गेली काही वर्षे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. माटोळीच्या सामानाच्या आणि कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांच्या शेजारी आता घरगुती साबण, कोरफडीचे मलम, हळदीचे क्रीम आणि ओठांना लावावयाच्या भिरंडेलाच्या कांड्या मांडलेल्या असतात. विकणाऱ्या बहुतेक आमच्या भगिनी, स्वयंसाहाय्य गटांतील. घरकाम आटोपून, कर्जाचे हप्ते फेडीत त्यांनी हा व्यवसाय उभा केला आहे, आणि त्याचे कौतुक करण्यात आम्ही कधी हात आखडता घेतलेला नाही. आज मात्र थोडे निराळे लिहावयाचे आहे.

चतुर्थी उलटल्यावर अशीच एक भगिनी आमच्या कार्यालयात दोन डब्या घेऊन आली. पहिल्या डबीतील मलम फुटले होते: वर तेल, खाली पाणी. दुसरीतील मलम पांढरेशुभ्र होते, पण झाकणाच्या आतल्या बाजूस काळे ठिपके उमटले होते. ही दुसरी डबी एका गिऱ्हाइकाने परत आणून दिली होती. तिच्या लहान मुलाच्या गालावर पुरळ उठले होते. ते मलमामुळे उठले की आणखी कशाने, हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण चार बायकांसमोर जे ऐकून घ्यावे लागले, त्याने ही बाई खचून गेली होती. "बाब, मी तर त्यात एकही रसायन घातले नव्हते. मग बिघडले कसे?" असे तिने विचारले.

आम्ही काही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे. तेव्हा औषधनिर्माणशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांना त्या डब्या दाखविल्या. ते म्हणाले, रसायन घातले नाही म्हणूनच बिघडले. या उत्तराने आम्हीही क्षणभर चपापलो. पण विचार करता त्यातील तथ्य पटत गेले, आणि ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आपल्या आज्यापणज्यांच्या प्रसाधनांत परिरक्षक नव्हते, हे खरे. पण त्यांत पाणीही नव्हते, हे आपण विसरतो. दिवाळीचे उटणे ही कोरडी पूड. ती नरकचतुर्दशीच्या पहाटे दुधात किंवा तेलात कालवावयाची आणि तेव्हाच अंगाला लावून धुऊन टाकावयाची. काजळ तुपात किंवा एरंडेलात. खोबरेल म्हणजे निव्वळ तेल. भेगाळलेल्या टाचांना लावावयाचा भिरंडेलाचा गोळा म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ. औषधी तेल सिद्ध झाले की नाही, हे पाहण्यासाठी वैद्य त्यात भिजविलेली वात पेटवून पाहत. वात तडतडली, तर पाणी शिल्लक आहे, आणखी आटवा. निमूट जळली, तर तेल उतरवा. जंतू या शब्दाची ओळख होण्यापूर्वीच्या काळात, पाणी राहिले की टिकाऊपणा गेला, एवढे त्या मंडळींना अनुभवाने पक्के ठाऊक होते.

आजचे क्रीम हा या परंपरेचा वारस नव्हे. त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. त्यात कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस घातला, म्हणजे जंतूंना आणि बुरशीला पाण्याबरोबर आयते अन्नही मिळाले. त्यात आमच्या किनाऱ्यावरची दमट हवा, आणि दिवसातून चार वेळा डबीत जाणारे ओले बोट! बुरशी निदान दिसते तरी. कित्येक जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि मलमाचा वासही बदलू देत नाहीत. धडधाकट कातडीचे त्याने एखादे वेळी काही बिघडणार नाही. पण तेच मलम तान्ह्या मुलाला, डोळ्यांच्या कडेला किंवा भाजलेल्या जागी लागले तर डोळ्यांचे आणि जखमेचे गंभीर दुखणे ओढवू शकते.

यावर उपाय म्हणून अनेकजणी 'ई' जीवनसत्त्वाची गोळी फोडून घालतात. ते तेल खवट होण्यापासून काही काळ वाचविते. जंतूंना त्याची क्षिती नसते. खवटपणा आणि कुजणे हे दोन निराळे बिघाड आहेत. दुसरी समजूत लोणच्या-सरबतांतून आली आहे: सोडियम बेंझोएट चिमूटभर टाकावे. सरबत आंबट असते म्हणून तेथे ते चालते. मलमाची आम्लता पुरेशी नसेल, म्हणजे पीएच ५च्या बरीच वर असेल, तर ते बेंझोएट असून नसल्यासारखेच. घरगुती मलमे बहुधा स्टिअरिक आम्ल आणि क्षार यांच्यापासून, म्हणजे साबणाच्या आधारानेच बनतात व त्यांचा पीएच ७च्या वर जातो. तेथे फिनॉक्सीइथेनॉलसारखे दुसरे परिरक्षक लागते, आणि तेही मोजून: १०० ग्रॅम मलमात जास्तीत जास्त १ ग्रॅम. 'रसायन' या शब्दाला बिचकणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, साबण करताना वापरलेला कॉस्टिक सोडा हेही रसायनच आहे, आणि त्याच्या पुढे हा एक ग्रॅम अगदीच गरीब.

आता पहिली डबी. तेल आणि पाणी यांचे सख्य नाही. त्यांना एकत्र नांदविणारा मध्यस्थ लागतो, त्याला इमल्सिफायर म्हणतात. तो कमी पडला, की घरात भांडण. आमच्या भगिनीने तेल व मेण चुलीवर कढत केले होते आणि त्यात घागरीतले थंड पाणी ओतले होते. मेण तत्क्षणी गोठले. मिश्रण जुळणार कसे? दोन्ही भाग निरनिराळ्या भांड्यांत ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवावेत, मग एकत्र करावेत आणि निवेपर्यंत घोटीत राहावे. अत्तर व परिरक्षक मिश्रण कोमट झाल्यावर घालावेत. इतके करूनही तिचे मलम फुटलेच असते, कारण गोरेपणासाठी म्हणून शेवटी तिने त्यात लिंबू पिळले होते. साबणाच्या आधारावर उभ्या असलेल्या मलमात आम्ल पडले की तो साबणच मोडतो, आणि मध्यस्थ उठून गेल्यावर तेल आपल्या वाटेने, पाणी आपल्या वाटेने. (गोरेपणाच्या या वेडाविषयी एकदा स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.)

साबणाची चूक याहून दाहक असते. एक किलो खोबरेलाचा साबण व्हावयास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाला सुमारे १३५ ग्रॅमच पुरतो. खोबरेल महागले म्हणून तेल बदलले आणि सोडा तोच ठेवला, तर ४५ ते ५० ग्रॅम मोकळा सोडा त्या वड्यांत राहील आणि नेमका गिऱ्हाइकाच्या अंगावर जाईल. वाटी-चमच्याच्या मापाने येथे भागत नाही. ग्रॅम दाखविणारा काटा हवा. पावसाळ्यात साबणाला घाम फुटतो, त्याने मात्र घाबरू नये. साबणातील ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते, इतकेच. नारिंगी ठिपके दिसले तर तेल खवट होऊ लागले आहे असे समजून ती खेप बाजूला काढावी.

यांपैकी एकही बिघाड गूढ नाही. असे असता त्याच त्या चुका गावोगावी का होतात? आमच्या मते दोष शिकविणाऱ्यांचा अधिक आहे. ही भगिनी ज्या दोन दिवसांच्या वर्गात शिकली, तेथे तिला कृतीचा कागद मिळाला, प्रमाणपत्र मिळाले, पाहुण्यांबरोबर छायाचित्रही निघाले. पण पीएच तपासावयाचा कागद तिला कोणी दाखविला नाही, आणि परिरक्षकाचे नावही कोणी काढले नाही. उलट 'शंभर टक्के नैसर्गिक, परिरक्षकविरहित' अशी चिठ्ठी डबीवर चिकटवावी म्हणजे माल खपतो, हा सल्ला तेवढा मिळाला. तिच्या अज्ञानाचे भांडवल करून दिलेला हा सल्ला आम्हाला अत्यंत बेजबाबदार वाटतो.

शिवाय कायद्याचे काय? १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२०चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार विक्रीसाठी क्रीम बनविण्यास परवाना लागतो. १९८२च्या दुरुस्तीनंतर साबणही त्या व्याख्येत आला. डबीवर घटक, खेपेचा क्रमांक, वापरण्याची मुदत छापावी लागते. चतुर्थीच्या बाजारात यांपैकी काय दिसते, ते वाचकांनीच पाहावे. उद्या एखाद्या मुलाला खरोखर अपाय झाला, तर वर्ग घेणारे हात झटकून मोकळे होतील आणि खटला त्या बाईवर होईल. तिच्यावर छापा घालावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पारा मिसळून गोरेपणाचे मलम विकणारे निराळे. तो गुन्हा आहे आणि ही चूक आहे. चुकीला शिक्षण द्यावे लागते.

ते देणे अवघड नाही. पणजीचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आपल्या दाराशी आहे. आठवड्यातील एक दुपार तेथील प्रयोगशाळेत लहान उत्पादकांचे नमुने तपासण्यासाठी राखून ठेवावी, शुल्क त्यांना परवडेल असे असावे, आणि काम विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली करावे. अनुदान देणाऱ्या खात्यांनी प्रत्येक गटाला वजनकाटा, तापमापक आणि पीएच कागद यांवाचून पहिला हप्ता देऊ नये. ही तिन्ही मिळून एखाद्या समारंभाच्या हारतुऱ्यांच्या खर्चात येतील. परवान्यासाठी अनेक गटांनी मिळून तालुक्यात एक सामाईक कारखाना काढावा, तेथे जाणकार माणूस नेमावा, आणि अन्न व औषध प्रशासनाने त्यांना अर्ज भरण्यापासून मदत करावी. गटांनीही एक वही घालावी: कोणत्या दिवशी, कोणत्या तेलाचे, किती ग्रॅम, किती अंशांवर. प्रत्येक खेपेतील एक डबी विकावयाची नाही, तारीख घालून फडताळात ठेवावयाची.

आमच्याकडे आलेल्या भगिनीने यंदा दिवाळीसाठी कोरडे उटणे तेवढे करावयाचे ठरविले आहे. मलमाची नवी खेप तिने घातली आहे, लिंबू वगळून. पण तीन महिने पुरे झाल्यावाचून ती बाजारात आणणार नाही, असे ती सांगून गेली. त्या गिऱ्हाइकाचे पैसे तिने परत केले आहेत.