मुख्याध्यापकांची दुसरी शाळा

तीस-पस्तीस वर्षे शाळा सांभाळलेले मुख्याध्यापक निवृत्त होतात, तेव्हा शाल-श्रीफळ देऊन त्यांचा निरोप समारंभ होतो. त्यांच्याबरोबर अनुभवाचा मोठा साठाही शाळेबाहेर पडतो. तो भावी शिक्षकांपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणून अशा व्यक्तींना अध्यापक विद्यालयांत मानाने बोलवावे.

पाठाचे नियोजन पुस्तकातून शिकता येते. परंतु सुगीच्या दिवसांत शाळेत न येणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन पालकांशी काय बोलावे, हे अनुभवी माणसाच्या सोबतीनेच कळते. 2014 च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी 20 आठवडे ठेवले, ते याच जाणिवेने. त्या आठवड्यांत नवशिक्यांच्या पाठीशी जाणता मार्गदर्शक हवा.

मात्र केवळ वयामुळे कोणी मार्गदर्शक ठरत नाही. पूर्वी छडीचा धाक म्हणजेच शिस्त, असे अनेकांना वाटे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. जुनीच रीत नव्या शिक्षकांच्या हाती दिली, तर भीतीने शाळा सोडणारी मुले पुन्हा दुरावतील.

म्हणून निवृत्त मुख्याध्यापकांनी आपल्या यशाबरोबर आपल्या चुकाही मोकळेपणाने सांगाव्यात. कोणते मूल आपल्या हातून निसटले आणि का, हे सांगण्याचे धैर्य ज्यांच्याजवळ आहे, तेच उद्याचा शिक्षक घडवू शकतात.