जवाचें मद्य आणि व्हिस्कीचें पिंप

आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्रांतून विचारलें आहे कीं, मँचेस्टर येथें शिकणारा त्यांचा पुतण्या सुटींत घरीं येतांना काकांसाठीं एक बाटली आणणार आहे. तिच्यावर नांव 'वाइन' असें असून ती द्राक्षांची नव्हे, जवाची आहे, आणि शिवाय व्हिस्कीच्या पिंपांत मुरविलेली आहे. तेव्हां तिला वाइन म्हणावें, बिअर म्हणावें कीं व्हिस्की? "सासूबाईंना काय सांगावें, हाच खरा प्रश्न आहे," असें त्या लिहितात. 'एकच प्याला' रंगभूमीवर आला १९१९ सालीं. तेव्हांपासून मद्याचा विषय निघाला कीं आपल्या घरांत सिंधूची आठवण होते, आणि ती होते हें वाईट नाहीं. परंतु ज्या घरचीं मुलें परदेशीं जातात, तेथें असल्या बाटल्या आज ना उद्यां येणारच. त्यांची नीट माहिती असलेली बरी.

'बार्ली वाइन' ही जातीची बिअरच. तिचा कडकपणा द्राक्षाच्या मद्याच्या जवळपास जातो, म्हणून तिला तें नांव पडलें. इंग्लंडांत बर्टन गांवच्या बास कंपनीनें आपल्या 'नंबर १' एलला तें लावलें. अमेरिकेंत लेबलावर नुसतें 'बार्ली वाइन' लिहून भागत नाहीं. 'बार्ली वाइन धर्तीची एल' असें लिहावें लागतें. शब्द मात्र फार जुना. ख्रिस्तपूर्व ४०१-४०० च्या हिंवाळ्यांत ग्रीक सैन्य आर्मेनियांतून परतत असतां झेनोफननें तेथील खेड्यांत जवाचें मद्य पाहिलें. वर दाणे तरंगत होते, लोक वेताच्या नळीनें तें ओढून घेत, आणि पाणी न घातल्यास तें फार कडक लागे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

कृति साध्या बिअरचीच, पण माल पुष्कळ अधिक. जवास मोड आणून ते वाळवितात, भरडून ऊन पाण्यांत भिजवितात. त्यांतून जो पहिला, दाट, गोड रस निथळतो तोच बहुधा घेतात. तो हॉप नांवाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर दीर्घकाळ उकळतात आणि मग किण्व घालतात. साखर इतकी असते कीं किण्वास ती सगळी पचत नाहीं. म्हणून कडकपणा चढूनही गोडी मागें राहते. मँचेस्टरजवळील जे. डब्ल्यू. लीज ह्या १८२८ सालच्या कारखान्याची 'हार्वेस्ट एल' १९८६ पासून निघते. नव्या हंगामाच्या जवाची, शेंकडा ११.५ मद्यार्काची, बाटलीवर साल छापलेली. तिचा कांहीं भाग शेरी, पोर्ट, कॅल्व्हॅडॉस आणि लागाव्हुलिन व्हिस्की ह्यांच्या रिकाम्या पिंपांत ठेवतात.

रिकामें पिंप म्हणजे खरोखर रिकामें नव्हे. ओकच्या फळ्यांत व्हिस्की मुरलेली असते. ती हळूहळू बिअरमध्यें उतरते. आपल्याकडे आंब्याच्या लोणच्याची बरणी रिती झाली तरी तिच्यांत दुसरें कांहीं घातलें कीं त्यास हिंग-मोहरीचा वास लागतो, तसेंच हें. लाकूड स्वतःचीही भर घालतें : व्हॅनिलाचा व किंचित् खोबऱ्याचा गंध. लागाव्हुलिन आयला बेटावरची. तिचे जव पीट नांवाच्या दलदलींतल्या इंधनाच्या धुरावर वाळविलेले असतात. तो धूर पिंपांतून थेट पेल्यांत येतो.

आम्हीं ती चाखली आहे. आरंभीं काकवी, काळे मनुके आणि खजूर. मग एकदम विझत्या चुलीचा धूर, त्यामागें टिंक्चर आयोडिनची आठवण देणारा औषधी वास. शेवटीं घशांत ऊब. आमचें मत विचाराल तर पहिल्या खेपेस साधी, पिंपाशिवायची घ्यावी. धूर आधीं आला कीं जवाची चव कळत नाहीं. बर्फासारखी गार करूं नये, थंडीनें गंध मिटून बसतो.

खरा धोका त्या गोडीचा. जीभ तिला सरबत समजते आणि तरुण मंडळी बिअरच्या मापानें ओततात. पाव लिटरमध्यें सुमारें २९ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या दोन पेगांहून अधिक. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं २०१६ सालीं आठवड्याची मर्यादा १४० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क अशी सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं त्याहून पुढें जाऊन निर्धोक असें मापच नाहीं, असें म्हटलें. काकांस रक्तदाबाचीं वा मधुमेहाचीं औषधें चालूं असतील तर बाटली उघडण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि पुतण्यासही तसें आधींच कळवावें. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास परवाना लागतो, हेंही पुष्कळांच्या गांवीं नसतें.

सासूबाईंना सरळ सांगावें : ही बिअर आहे, कडक आहे, आणि तिला व्हिस्कीचा वास आहे. 'औषधी आसव' म्हणून त्यांच्यापुढें ठेवूं नये. बाटली लगेच उघडण्याचा बेत नसल्यास उभी, अंधारांत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत ठेवावी. आपल्याकडचा एप्रिल-मे तिला मानवत नाहीं.